जंगली झाड, एक नग

आमच्या सोसायटीच्या नोटिसा लिफ्टमध्ये, आरशाच्या शेजारी लागतात. केस विंचरता विंचरता माणूस जागरूक नागरिक होतो. त्या सप्टेंबरात तिथे लिहिलं होतं: 'मुख्य गेट रुंद करण्यात अडथळा ठरणारे जंगली झाड (एक नग) काढून टाकणेबाबत विशेष सर्वसाधारण सभा. दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळी दहा. सर्व सभासदांनी वेळेवर यावे. भाडेकरूंनी येण्याचे कारण नाही.'

मी भाडेकरू. वारज्यातल्या या सोसायटीत आम्ही तिघी मैत्रिणी एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये माणसांचे चार प्रकार केलेले आहेत: मालक, भाडेकरू, बॅचलर आणि व्हेंडर. बॅचलर हा भाडेकरूचा पोटप्रकार. त्याला लिफ्ट चालते, गच्ची चालत नाही. माझ्या नावापुढे 'बॅचलर (स्त्री)' असं लिहिलेलं मी पहिल्याच दिवशी वाचलं आणि भांडले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, रजिस्टरला भावना नसतात." सेक्रेटरी म्हणजे पन्नाशीचे, कायम इस्त्रीच्या कडक शर्टात असलेले गृहस्थ. तेव्हापासून आमचं जमत नाही.

तर 'जंगली' हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. गेटच्या आत, कंपाउंडला लागून उभं असलेलं, दोन मजले उंचीचं झाड. रोज त्याच्याखालून जायचं, सावलीत स्कूटर लावायची, दसऱ्याला त्याचीच पानं ओरबाडून एकमेकांना सोनं म्हणून द्यायची, आणि कापायची वेळ आली की जंगली, एक नग.

त्या झाडाखाली इस्त्रीचं टेबल होतं. टेबल ज्यांचं ते दादा अमरावतीकडचे. अकरा वर्षं इथे उभे. कोळशाची इस्त्री, पश्चिमेचं ऊन आणि वर ते झाड, असा त्यांचा धंदा. झाड गेलं की टेबलही हलवायचं, असं कमिटीने त्यांना तोंडी सांगून टाकलं होतं. हायवेच्या पुलाखाली आधीच दोघं इस्त्रीवाले उभे होते, ते तिसऱ्याला उभं राहू देणार नव्हते. दादा म्हणाले, "मॅडम, कोळसा तं मी सोसतो. वरून ऊन आन् खालून कोळसा, दोनी नाई सोसत."

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी पत्रकं लिहिते आहे. फीवाढीवर, बसच्या पासवर, हॉस्टेलच्या पाण्यावर. आमच्या विद्यार्थी संघटनेत शिकवण अशी की पहिलं वाक्य आरोपाचं, दुसरं पुराव्याचं, तिसरं मागणीचं. पुरावा नसेल तर दुसरंही आरोपाचंच. मथळा दिला: 'सोनं कापणार का?' खाली: 'ज्या आपट्याची पानं दसऱ्याला लुटता, त्याच आपट्यावर दसरा झाल्या झाल्या कुऱ्हाड?' शेजारी एक जोडपान छापलं. फोटोकॉपीवाल्याकडून गठ्ठा आणला आणि दोन दिवसांत दोन्ही विंग पालथ्या घातल्या.

सह्या अशा पडल्या की मला माझाच हेवा वाटला. गेल्या आंदोलनात आम्हाला चार तास उभं राहून चौदा सह्या मिळाल्या होत्या. इथे दार उघडताच लोक पेन मागत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर सही करून पुन्हा खालच्या ओळीत अंगठा उमटवला, पक्कं व्हावं म्हणून. या काकू महत्त्वाच्या. सोसायटी उभी आहे ती त्यांच्या घरच्या शेतावर. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने दिलेले सहा फ्लॅट त्यांच्या मुला-पुतण्यांकडे आहेत, आणि काकूंनी हात वर केला की सहाही घरांचे हात वर होतात. काकू म्हणाल्या, "आपटा कापत्यात? हात झडतील मेल्यांचे." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या दाराखालून माझंच एक पत्रक आत सरकलं. 'आपटा' या शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि समासात एकच शब्द: 'भेट.' खाली पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटचा नंबर.

तिथे एक निवृत्त बाई राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी बेल वाजवली तर दार अर्धवट उघडून म्हणाल्या, "चपला बाहेर. मत नंतर."

आत बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आणि प्रत्येक पानाच्या घडीत एकेक वाळलेली फांदी चपटी करून ठेवलेली.

"हा आपटा, असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे कोण? एकाचं नाव सांग."

नाव सोडून मग मी म्हटलं की पान जोडपान आहे, आपट्याचं असतं तसंच.

"तुला दोन कान आहेत आणि मलाही. म्हणून मी तुझी बहीण होत नाही."

त्यांनी एका गठ्ठ्यातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एका कागदावर चिकटवलेलं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. दुसऱ्यावरचं माझ्या तळव्याएवढं, पातळ, मधोमध खोल चिरलेलं. दोन्ही बघितली. गेटवरचं झाड दुसऱ्या कागदावरचं होतं, ते डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"पहिला आपटा. दुसरा कांचन. पहिला बौहिनिया रॅसिमोजा, दुसरा बौहिनिया पर्प्युरिया. शास्त्रीय नाव मतदारयादीसारखं असतं. आडनाव आधी, नाव मागून. आडनाव दोघांचं एकच, बौहिनिया. दोन भाऊ होते, दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. पानाचे दोन भाग बघून त्या भावांचं नाव दिलं. पुढचा शब्द ज्याचा त्याचा. एकाची फुलं घोसात येतात, दुसऱ्याची जांभळट गुलाबी."

"म्हणजे चुलत भाऊ," मी म्हटलं. मला वाटलं, बाई खूश होतील.

"हो. आणि तू एका चुलत भावाच्या नावावर सह्या घेऊन दुसऱ्याची केस लढायला निघालीस."

मी शेवटचा बचाव केला. म्हटलं, नावं शेवटी माणसंच देतात, माणसंच बदलतात, मग इतकं काय त्याचं. बाईंना हे आवडलं असावं, कारण त्यांनी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलून मला बसायला जागा केली. बदलतात म्हणाल्या. आपट्यालाच एकदा कुणीतरी या आडनावातून काढून दुसऱ्या आडनावात घातलं होतं, नंतरच्यांनी परत आणलं, आणि काही पुस्तकांत तो अजून त्या दुसऱ्याच आडनावाखाली राहतो. भांडणं चालूच असतात.

"म्हणजे तुमच्यातही हरकती आणि सूचना मागवतात."

"मागवतात. फक्त आमच्यात हरकत घेणाऱ्याला पुरावा जोडावा लागतो."

मग त्यांनी स्वतःचा एक कागद दाखवला. विद्यार्थिदशेत सिंहगडाच्या उतारावर गोळा केलेलं कसलंसं झुडूप. कोपऱ्यात त्यांच्या हस्ताक्षरात नाव, जागा, तारीख. आणि त्या चिठ्ठीच्या शेजारी दुसरी, छोटी, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातली चिठ्ठी: वेगळं नाव, खाली सही आणि तारीख.

"मी चुकले होते. नंतर एका अभ्यासकाने तपासलं आणि बरोबर नाव लावलं. मूळ चिठ्ठीला हात लावायचा नसतो. खोडायचं नाही, फाडायचं नाही. शेजारी नवी चिकटवायची, खाली आपलं नाव टाकायचं."

"मग तुमची चूक कायमची दिसत राहते."

"दिसायलाच हवी. नाहीतर पुढच्याला कळणार कसं, कोण कुठे घसरलं ते?"

मी तिथून तडक इस्त्रीच्या टेबलाशी गेले. विचारलं, दादा, या झाडाला फुलं कसली येतात?

"गुलाबी. दिवाळीच्या आधी सुरू होते. शर्टाले चिकटते, डाग पडते, मी झटकत रायतो दिवसभर. आता कळ्या धरल्या पाहा." त्यांनी इस्त्रीनेच वर दाखवलं. कळ्या होत्याच, हिरव्या, टोकदार. त्यांच्याखालूनच मी दोन दिवस सह्यांची वही घेऊन ये-जा करत होते.

"मग मी आपटा लिहिलं तेव्हा बोलला का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तं कागद देऊन गेल्या." इस्त्री फिरवत म्हणाले, "आन् मले वाटलं, शिकलेल्या लोकायचा आपटा येगळा असंन."

ही एवढी साधी गोष्ट. अकरा वर्षं त्या झाडाखाली रोज दहा तास उभ्या असलेल्या माणसाला मी त्याच्या अडचणी विचारल्या, झाडाबद्दल एक शब्द विचारला नाही. रजिस्टरने त्याला व्हेंडरमध्ये टाकलं होतं, मी पीडितमध्ये टाकलं. फरक फारसा नाही.

रात्रभर वगैरे तळमळले नाही, पण जेवताना हिशेब केला. सभा दसऱ्यानंतर. तोपर्यंत फुलं येणार. सेक्रेटरींना मान वर करून बघायची सवय नाही, पण गुलाबी फुलं खाली पडतात. कळलं की ते सभेत म्हणणार, हिला झाड ओळखता येत नाही आणि ही झाड वाचवणार, आणि मुद्दा खलास. दुसरीकडे आपण होऊन सांगितलं, तर सह्या आपट्यावर पडलेल्या आहेत, त्या गळणार. आमच्या संघटनेतल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, पत्रक मागे घ्यायचं नसतं, नवं काढायचं, जास्त मोठ्या अक्षरात.

मला एक पळवाटही सुचली. कांचन म्हणजे तरी काय, सोनंच. मथळा बदलायचीसुद्धा गरज नव्हती. मी आनंदाने ही युक्ती बाईंना सांगायला गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कोटी करून झाड वाचत असेल तर कर. पण मग मला सही मागायला येऊ नकोस. मी अजून केलेली नाही, तुझ्या लक्षात आलं असेल."

आलं नव्हतं.

शेवटी मी चिठ्ठ्या केल्या. पत्रकाच्या समासात मावतील एवढ्या. 'वर आपटा लिहिलं आहे ते चूक. हा कांचन आहे. दसऱ्याला याची पानं वाटण्याची प्रथा नाही. सावली तेवढीच पडते. सही परत घ्यायची असल्यास घ्यावी.' खाली माझं नाव आणि तारीख. पूर्वीच्या पत्रकांवर आम्ही कधीच कुणाचं नाव घालत नसू. 'आपले नम्र, समस्त विद्यार्थी' असं असायचं. स्वतःचं एकटीचं नाव पहिल्यांदाच लिहिलं. मग डिंकाची बाटली घेऊन निघाले. लिफ्टपासून सुरुवात केली, नंतर एकेक दार.

लोक चिडतील असं वाटलं होतं. लोक गोंधळले. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे गेली दहा वर्षं व्याह्यांना आम्ही काय दिलं?" मी म्हटलं, कांचन. ते म्हणाले, "मग बरोबर आहे, त्यांनीही तसंच वागवलं." आयटीतल्या एका जोडप्याने दारातच बैठक घेतली. तो म्हणाला, "सो बेसिकली सेम फॅमिली ना? मग इश्यू काय आहे?" मी म्हटलं, फॅमिलीच्याही जवळचं, जीनस एक आहे. ती म्हणाली, "सही राहू दे. मला गाडी सावलीत लागते, त्याचं नाव काहीही असो." पाच-सहा घरांनी मात्र सरळ सही खोडली. धर्माचं झाड नसेल तर गेट रुंद होऊ दे, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

काकूंनी चिठ्ठी वाचली, उलटी करून बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"आपटाच हाय ह्यो."

"काकू, फुलं गुलाबी येतात. आपट्याची लहान, फिकट असतात."

"मला शिकवू नगंस. बिल्डिंगचा पाया खणत होते तवा मी सोता रोप आणलंय, नर्सरीतनं. आपटा म्हनून दिलंय त्यानं. बांधावरचा आमचा आपटा बिल्डरनं पाडला, त्याच्या बदल्यात लावलंय. आन् तू काल आलेली पोरगी, भाड्यानं ऱ्हानारी."

"नर्सरीवाल्याने फसवलं असेल, काकू."

ते बोलायला नको होतं. काकूंनी वही मागितली, आपली सही खोडली, अंगठाही खोडला. "ज्याला फसीवलं त्यानं सही करू न्हाई," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. म्हणजे सहा फ्लॅट गेले. जिना उतरताना मी मोजत होते. आता गेट रुंद करणारे जास्त आणि आम्ही कमी. बाईंनी मात्र त्या संध्याकाळी वहीत सही केली, वळणदार, पूर्ण नावासकट. एका सहीच्या बदल्यात सहा घरं. मी त्यांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "माझी पण एक मोज."

दसऱ्याला गंमत झाली. झाडाची पानं कुणी तोडली नाहीत. मंडईतून आणलेल्या आपट्याच्या जुड्या घरोघर फिरल्या. फांद्या पहिल्यांदाच दसऱ्याला शाबूत राहिल्या आणि रविवारपर्यंत खालच्या फांदीवर दोन फुलं उमललीसुद्धा.

सभा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. भाडेकरूंनी येण्याचं कारण नव्हतं, पण बाईंनी मला आपली मदतनीस म्हणून मागे बसवलं. अट एकच, तोंड उघडायचं नाही. आयुष्यात इतका वेळ मी फक्त दातांच्या डॉक्टरकडे गप्प बसले आहे, आणि तिथे निदान तोंड उघडं असतं.

गेटजवळ दादा उभे होते. टेबलाची घडी घालून, दोरीने बांधून कंपाउंडला टेकवलेलं. आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे त्यांनी इस्त्री न करताच परत करून टाकले होते आणि आज कोळसाही पेटवला नव्हता. निकाल काय लागेल ते माहीत नाही, लोकांचे कपडे अडकायला नकोत, म्हणाले.

सेक्रेटरींनी विषय मांडला. मग खिशातून एक फांदी काढली. मंडईतला अस्सल आपटा, दसऱ्याचा उरलेला, थोडा सुकलेला. फांदी उंच धरून म्हणाले, "सभासदहो, आपटा याला म्हणतात. आपल्याकडे काही मंडळी घरोघर जाऊन भलत्याच झाडाला आपटा ठरवत होती."

मग आयटीवाल्याने म्हटलं, "सर, ते माहितीये. चिठ्ठी आलीये ना." मागून कुणीतरी म्हणालं, "लिफ्टमध्ये पण आहे. केस विंचरत नाही का तुम्ही?" सेक्रेटरींना केस बेताचेच. लोक हसले. फांदी खाली आली आणि पुढच्या दहा मिनिटांत तिचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

मग बाई उठल्या. "माझी एकच शंका. त्या मुलीने चूक केली, चिठ्ठी लावली, खाली नाव घातलं. तुमच्या नोटिशीत 'जंगली झाड' आहे. हे नाव कुणी दिलं, कशावरून?"

"अहो बाई, जंगली म्हणजे आपलं... आपोआप उगवलेलं. कुणी न लावलेलं. बेवारस म्हणा."

"बेवारस?"

हे बाई बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या रांगेत काकू उभ्या राहिल्या होत्या. पदर खोचलेला.

"कोन बेवारस? उन्हाळ्यात टँकरचं पानी यायचं बिल्डिंगला, तवा माझ्या वाटनीची बादली घातलीय मी त्याला. तुम्ही तवा इथं ऱ्हायलाबी आला नव्हता. आपोआप उगावलंय म्हनं."

"काकू, तसं नाही, टेक्निकली..."

"टेकनिकली तुम्ही आमच्या शेतात उगावलाय."

सेक्रेटरींनी फांदी पुन्हा खिशात घातली. अध्यक्षांनी घाईघाईने हात वर करायला सांगितलं. झाड काढावं असं ज्यांचं मत आहे त्यांनी आधी. मोजले. मग काढू नये म्हणणाऱ्यांनी. काकूंचा हात वर गेला आणि इकडेतिकडे बसलेल्या मुला-पुतण्यांचे हात, मान न वळवता, एकामागून एक वर गेले. ठराव पडला. गेट आहे तेवढंच राहणार असं लिहिलं गेलं.

सभा उठली तेव्हा मी काकूंकडे गेले. आभार मानायचे होते. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "आपटाच हाय ह्यो. बाईला सांग."

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "पुरावा आणायला सांग." म्हणजे हे प्रकरण तिकडे अजून चालू आहे.

दादांना बातमी द्यायला गेटकडे गेले, तर ती माझ्या आधी पोचली होती. टेबलाची दोरी सुटली होती, चादर अंथरून झाली होती आणि ते इस्त्रीत कोळसे भरून पुठ्ठ्याने वारा घालत होते. त्यांच्यापुढे रांग लागली होती. काल परत मिळालेले कपडे घेऊन अर्धी सोसायटी खाली उतरली होती, आणि सोमवारच्या शर्टांचा गठ्ठा हातात धरून सेक्रेटरी तिसरे उभे होते.

"अर्धा तास लागंन, साहेब," दादा म्हणाले. "कोळसा थंडा हाय."